ग्रीसचा हात

माझे बाबा फॅक्टरीत धुलाई खात्यात होते, असं सांगितलं की लोकांना वाटतं कपडे धुवायचे. कपडे नाही. मशीनवरून उतरलेले लोखंडी भाग गरम सोड्याच्या हौदात बुडवायचे, साध्या पाण्यात खंगाळायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि लगेच त्यांच्यावर ग्रीसचा हात फिरवायचा. आयुष्यभर हेच काम केलं त्यांनी. सोड्याने त्यांच्या हाताची बोटं अशी उलून जायची की थंडीच्या दिवसांत त्यांना भाकर मोडता यायची नाही. माय भाकरीचे तुकडे करून ताटात टाकायची आणि आम्ही पोरं तिकडे न पाहिल्यासारखं करायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, खाणारी तोंडं सहा, आठ घरांना मिळून एक नळ. जवळच्या पनागर गावचा मटार शहरात आला की क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत मटाराचा वास सुटायचा. आमच्याकडे दाणे कमी आणि सालं जास्त यायची. शेजारणींनी दाणे काढून घेतले की माय हसत हसत सालं मागून आणायची, त्यांच्या आतला पातळ पापुद्रा एकेक करून ओढून काढायची आणि चून, म्हणजे बेसन, टाकून भाजी करायची. ती भाजी मला आजही आवडते. माझ्या सुनेने ती मोबाइलवर पाहिली आणि मला कौतुकाने दाखवली, "आई, बघा, झीरो वेस्ट रेसिपी." मी म्हटलं, "बरं."

बाबा चौथी शिकलेले आणि माय शाळेची पायरीही न चढलेली. मोठ्या ताईची शाळा आठवीत सुटली, कारण खालची तिघं सांभाळायला कोणी नव्हतं. त्यामुळे घरातलं वाचायचं काम माझ्याकडे आलं. गावाकडची पत्रं, दवाखान्याची चिठ्ठी, रॉकेलच्या दुकानावरची पाटी, सगळं मीच वाचायची. बारावीला होते तेव्हा, आणि नाक जरा वर होतं. अजून आहे.

आमच्या घरी घड्याळ एक होतं, तेही बाबांच्या मर्जीने चालायचं. खरी वेळ सांगायचा फॅक्टरीचा भोंगा. पहिला भोंगा वाजला की बाबा सायकलवर टांग टाकायचे, आणि बरोबर दहा मिनिटांनी दुसरा वाजायचा तेव्हा ते गेटच्या आत असायचे. या दोन भोंग्यांच्या मध्ये आमच्या लाइनीतल्या बाया दूध तापवायच्या, पोरांना झोडपायच्या आणि नळावर भांडायच्या.

आणि आमचा एक कुत्रा होता. त्याचं नाव फोरमन. नाव बाबांनी ठेवलेलं. पिल्लू होतं तेव्हापासून ते एका बाजूला पाय पसरून पडायचं आणि दुसरे काम करताना नुसतं बघत राहायचं, मध्येच उगाच एकदा भुंकायचं. बाबा म्हणाले, "हा तं आमच्या शॉपमधून सुटून आला." फॅक्टरीत खात्याला शॉप म्हणत. बाहेरच्या माणसांसमोर आम्ही त्याला मोती म्हणायचो, पण मोती म्हटल्यावर तो मान वळवायचा नाही. रंग तव्यावरच्या भाकरीला पडलेल्या जळक्या ठिपक्यांसारखा, एक कान उभा, एक पडलेला. माझा नातू विचारतो, "आजी, त्याचा फोटो नाही का?" आमचाच नव्हता रे, कुत्र्याचा कुठून असेल.

त्या हिवाळ्यात फोरमन खाजवायला लागला. आधी पोटाला आणि जांघेत बारीक पुळ्या दिसल्या, टोकाला पिवळ्या. मग त्या फुटल्या आणि तिथे गोल चट्टे उरले, कडेला पापुद्रे सुटलेले, मधलं चामडं काळसर. पाठीवरचे केस झुबक्याझुबक्याने गेले. आठ दिवसांत असा दिसू लागला, जशी जुन्या गालिच्याला कसर लागावी. लाइनीतल्या प्रत्येक माणसाकडे त्याच्यासाठी निदान होतं. कोणी म्हणालं खरूज, कोणी म्हणालं गजकर्ण. एकाने गंधक सांगितलं, एकाने गाडीचं जळकं तेल. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दुबे चाचींनी काहीच औषध सांगितलं नाही. त्यांनी आपली मान दाखवली. मानेवर बोराएवढा फोड आला होता.

"देख लो, गजभिये की बहू," त्या मायला म्हणाल्या, "तुम्हारे फोरमन ने दिया है."

माय म्हणाली, "चाची, त्यानं कसं देलं? तुम्ही तं त्याले कधी हात बी लावत नाही."

"हवा से!" चाची म्हणाल्या.

चाचींचा आवाज आमच्या लाइनीत कायदा होता. रविवारी नळापाशी आठ घरं जमली आणि ठरलं की तिसऱ्या रविवारपर्यंत कुत्रा साफ झाला तर ठीक, नाही तर पनागरला रवाना. न्यायचं कोणी, तेही ठरलं. मिठ्ठू भैया नावाचा भाजीवाला दर रविवारी पनागरहून सायकलवर टोपल्या बांधून यायचा, तो जाताना घेऊन जाणार. मिठ्ठू भैया मनाचा चांगला होता. फोरमनचं पुढचं आयुष्य कसं सुखाचं जाईल हे तो मला मटार मोजता मोजता समजावून सांगायचा. "दीदी, खेत है, नाला है, खुली हवा है. राजा बन के रहेगा." मग बाबांकडे वळून म्हणायचा, "काए बड्डे, बोरा अभी ले आऊँ?" बड्डे म्हणजे मोठा भाऊ, बोरा म्हणजे पोतं. त्या खुल्या हवेत बिनकेसांचा आजारी कुत्रा किती दिवस काढणार, हे मला कळत होतं. पनागरच्या शेतातल्या कुत्र्यांनाही कळलं असतं.

बाबांनी एका सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेतलं आणि आम्ही फोरमनला दोरीने बांधून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, जाड चष्म्याचे, आणि बोलताना आमच्यापेक्षा कुत्र्याकडे जास्त बघायचे. त्यांनी पात्याने थोडं चामडं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. किडे नव्हते, म्हणजे खरूज नाही. मग एक ताजी पुळी सुईने फोडली, दुसरी काच तिच्यावर टेकवली, जांभळ्या रंगात बुडवली आणि पाहिली. "गजकर्ण भी नहीं," ते म्हणाले. "चमड़ी में जीवाणु का इन्फेक्शन है. ये चिपकने वाली बीमारी नहीं है. इसको गोचीड़ काटे, इसने खुजाया, चमड़ी छिली, और जो जीवाणु ऊपर बैठे थे वो अंदर घुस गए."

मी विचारलं, "तो चाची की गर्दन का फोड़ा?"

"चाची का अपना है," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत मनात घोळवत आले आणि घरी आल्यावर कोणालाही सांगितलं नाही. नाक वर होतं, पण अक्कल शाबूत होती.

डॉक्टरांनी मला कागदावर सगळं लिहून दिलं. चट्ट्यांभोवतीचे केस कात्रीने कापायचे. गोचीड वेचायचे, कुत्र्याचं झोपायचं पोतं उन्हात टाकायचं. सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल, आणि चामडी साफ दिसल्यावरही पूर्ण एक आठवडा चालूच ठेवायच्या. आठवड्यातून दोनदा औषधी साबणाने आंघोळ, पण फेस चोळून लगेच पाणी ओतायचं नाही, दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. "और रोज कॉपी में लिखना," ते मला म्हणाले, "क्या दिया, क्या लगाया, क्या दिखा." मी शाळेच्या प्रॅक्टिकलच्या वहीची मागची पानं फाडून शिवली आणि रेघा मारल्या. मला वाटलं, मी निम्मी डॉक्टर झालेच.

दहा मिनिटांचा प्रश्न भोंग्याने सोडवला. पहिला भोंगा झाला, बाबा गेले, की माय आणि मी फोरमनला कोमट पाण्याने भिजवून फेस चोळायचो. मग दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत तिघंही अंगणात थांबायचो. तो पांढऱ्या फेसात थरथरत उभा, माय त्याचे दोन्ही कान धरून त्याला समजावते आहे, "झालं रे माझ्या राजा, वाजूनच राहिला आता." दुबे चाची खिडकीतून म्हणायच्या, "हमको तो आज तक किसी ने ऐसे नहीं नहलाया." भोंगा वाजला की पाणी ओतायचं आणि मायच्या जुन्या लुगड्याने टिपून काढायचं. कॅप्सूलचं काम मायचं. गुळात दाबून, भाकरीच्या कुस्कऱ्यात लपवून. फोरमन गूळ खायचा, भाकर खायचा आणि कॅप्सूल मायच्या पायापाशी स्वच्छ करून ठेवायचा. मग माय त्याचा जबडा उघडून ती घशात सोडायची आणि गळा चोळायची. तिने आमच्या चौघांनाही औषध असंच पाजलं होतं.

संध्याकाळी बाबा घरी यायचे, फोरमनला उजेडात घ्यायचे, त्याच्या धुतलेल्या अंगावरून बोट फिरवायचे आणि मान हलवायचे. पहिल्याच आंघोळीच्या दिवशी त्यांनी सायकलच्या दुकानातून डबीभर पिवळं ग्रीस आणलं, त्यात तिळाचं तेल कालवलं आणि कुत्र्याच्या प्रत्येक उघड्या चट्ट्यावर पातळ हात फिरवला. काम इतकं सफाईचं की बघत राहावं. फॅक्टरीतून सुईसुद्धा बाहेर आणायची नाही हा त्यांचा नियम होता, म्हणून ग्रीस दुकानातलं.

मी म्हटलं, "बाबा, कागदावर हे नाही."

"कागद डॉक्टरचा हाय," बाबा म्हणाले. "धुतलेला माल उघडा ठेवला तं संध्याकाळपर्यंत लाल पडते. हे त्याले कोण सांगन?"

"वहीत लिहू का?"

"काहून? हे का औषध हाय? हे तं फिनिशिंग हाय."

मी लिहिलं नाही. अठ्ठावीस वर्षं धुलाईचं काम केलेल्या माणसाला धुण्याबद्दल मी काय सांगणार, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. बाबांना त्या दिवसांत कोणी काही विचारत नव्हतं, नुसतं सांगत होतं. फॅक्टरीत ते ऐकायचे, घरात मी वाचायची तेही ऐकायचे. ही एकच गोष्ट ते आपल्या अकलेने करत होते आणि करताना गुणगुणत होते.

दोन आठवड्यांनी चट्टे कमी व्हायचे ते वाढले. काखेत आणि गळ्याखाली नव्या पुळ्या. अंगाला एक आंबूस वास. शेवटचा रविवार आठ दिवसांवर आला होता. मिठ्ठू भैया बोरा धुऊन घेऊन आला होता, दाखवलासुद्धा. आम्ही पुन्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी माझी वही पानापानाने वाचली. "बहुत बढ़िया लिखा है," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "फिर ठीक क्यों नहीं हो रहा?" त्यांनी काच उचलली, चट्ट्यावर टेकवली, रंगात बुडवली. रंग काचेवर बसेना. थेंब थेंब होऊन घरंगळायला लागला. त्यांनी काच नाकाशी नेली.

"इस पर क्या लगाते हो?"

 बाबा भिंतीवरचं गाईच्या चार पोटांचं चित्र फार लक्ष देऊन पाहू लागले. डॉक्टरांनी परत वही उघडली, परत माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलले नाही तर ही वही खोटी, आणि रविवारी फोरमन बोऱ्यात. आणि बोलले तर बाबा खोटे पडणार, तेही परक्या माणसासमोर, माझ्या तोंडून.

"ग्रीस," मी म्हटलं. "रोज शाम को. बाबा लगाते हैं. मैंने लिखा नहीं."

बाबांनी गाईवरची नजर काढली. माझ्याकडे नाही पाहिलं, सरळ डॉक्टरांकडे पाहिलं. "साहब, लोहा धो के खुला रखो तो जंग लगता है," ते म्हणाले. "मैं ये काम रोज करता हूँ. आप करते हो क्या?"

मला वाटलं, धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "नहीं, लोहे का काम मैं नहीं जानता. आइए, आप ये देखिए." त्यांनी चट्ट्यावरचं ग्रीस नीट पुसून काढलं, एक नवी पुळी फोडून दुसरी काच केली आणि बाबांना स्टुलावर बसवलं. बाबांनी एक डोळा मिटला. फॅक्टरीत माप तपासताना मिटायचे तसाच. बराच वेळ ते हलले नाहीत.

"जांभळे गोल गोल हायत," ते मला म्हणाले. "घडच्या घड." मग डॉक्टरांना, "ये जिंदा थे?"

"जिंदा थे. और गरम, गीली, बंद जगह में खूब बढ़ते हैं. दवा का साबुन ग्रीस के नीचे पहुँचता ही नहीं."

बाबा म्हणाले, "जंग जिंदा नहीं होती." आणि स्टुलावरून उठले.

घरी येताना ते सायकल हातात धरून चालत होते, फोरमन मध्ये, मी पलीकडे. राइट टाउनच्या वळणावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडून काहून राहिली?" बाबा म्हणाले. "खोटं बोलली का?"

"नाही."

"मंग? पण घरी सांगाचं होतं."

"सांगितलं होतं बाबा. तुम्ही म्हणाले फिनिशिंग."

बाबा थांबले, सायकलच्या सीटवर हात टेकला आणि इतके हसले की फोरमन भुंकायला लागला.

पण हसून रविवार टळत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आता नव्याने सुरू करा, आणखी तीन आठवडे तरी लागतील. रविवारी नळापाशी आठ घरं जमली. मिठ्ठू भैया बोरा काखोटीला मारून उभा. मी डॉक्टरांचा कागद हातात घेतला होता, तो मोठ्याने वाचायचा असं ठरवून आले होते. पहिली ओळ वाचली असेल नसेल, चाची म्हणाल्या, "कागज रहने दो बिटिया. पढ़ना हमको भी आता है. कुत्ता दिखाओ."

कुत्रा दिसतच होता. त्याच्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा बाबा पुढे आले. त्यांनी आपले दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले, उललेले, नखांत काळं बसलेलं. "चाची जी," ते म्हणाले, "दवा ठीक थी. लड़की ने सब ठीक किया. गलती मैंने की. ग्रीस लगाता था, छुपा के. कुत्ते की गलती नहीं. सज़ा देनी है तो मुझे पनागर भेज दो."

आमच्या लाइनीत पुरुष माणूस चूक कबूल करतो हे कोणी पाहिलेलं नव्हतं. दुबे चाचा तर खाली मान घालून आपली चप्पल पाहू लागले. मिठ्ठू भैया म्हणाला, "बड्डे, आप इस बोरे में नहीं आओगे." आधी माय हसली. मग सगळे. शेवटी चाचीही हसल्या, पण तोंडावर पदर घेऊन. "संक्रांत के बाद वाला इतवार," त्या म्हणाल्या. "उसके बाद एक दिन नहीं. और ये ग्रीस वाले हाथ कुत्ते से दूर."

पुढचे तीन आठवडे मी आयुष्यात कशाच्या मागे लागले नसेन एवढी त्या कुत्र्याच्या मागे लागले. वहीत आता सगळं लिहायचे, माय त्याला चोरून दूध देते तेही. बाबांकडे गोचीड वेचायचं काम दिलं. चिमट्याने एकेक धरून ते रॉकेलच्या डबीत टाकायचे आणि रोज संध्याकाळी मला आकडा सांगायचे. सवयीने त्यांचा हात धुतलेल्या चामड्याकडे जायचा, मग ते तो मागे घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवायचे. मला ते बघवायचं नाही. पण मी बघायचे. आठव्या दिवशी नवी पुळी आली नाही. अकराव्या दिवशी पापुद्रे गळले. पंधराव्या दिवशी माय मला ओढत अंगणात घेऊन गेली. पाठीवर केसांची लव आली होती, पिवळी, बारीक, पिकाचं पहिलं पान यावं तशी.

आणि तिथेच मायने घोळ घातला असता. राहिलेल्या कॅप्सूल तिने तांदळाच्या डब्यात ठेवल्या. "आता बरा झाला ना? कोणाच्या तरी कामी येतील." आमच्या घरी औषध असंच जपायची रीत होती. तापाच्या तीन गोळ्या मिळाल्या तर दोन घ्यायच्या, एक पुढच्या तापासाठी. मी डब्यात हात घालून त्या काढल्या आणि म्हटलं, "माय, यातली एक जरी राहिली तं तो परत आजारी पडन." बाबा दारातून म्हणाले, "दे तिले. ती म्हणते तसं कर. आपण करून पाहिलं आपल्या मनानं."

मी पुढे काय शिकले, कुठे नोकरी केली, हे सगळं त्या दारातल्या वाक्यानंतरचं आहे. आता राइट टाउनात कुत्र्यांचे एसी दवाखाने आहेत, पू तपासायला पाठवतात, कोणतं औषध लागू पडेल ते छापून येतं. परवा मी तिथे गेले होते, तर एक शिकलेली मुलगी सांगत होती, "आंटी, दोन दिवसांत छान वाटलं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या." मी तिला तिथेच बसवून अर्धा तास बोलले. तिने बहुतेक दवाखाना बदलला असेल.

संक्रांतीनंतरच्या रविवारी चाचींनी चष्मा लावला, पाटावर बसल्या आणि फोरमनची तपासणी केली. केस विंचरून पाहिले, काखा पाहिल्या, पोट पाहिलं, "पूँछ उठाओ" म्हणाल्या. फोरमन एवढा वेळ कोणासमोर सरळ उभा राहिलेला मी पाहिला नाही. मग त्यांनी आपल्या पदराच्या गाठीतला तिळाचा लाडू सोडला आणि त्याच्यापुढे टाकला. स्वतःच्या मानेवरचा फोड कधी बरा झाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मिठ्ठू भैया रिकामा बोरा घेऊन पनागरला गेला, त्याला थोडं वाईट वाटलं असावं.

आठ दिवसांनी शेवटची कॅप्सूल दिली आणि औषध बंद केलं. फोरमन आमच्याकडे आणखी नऊ वर्षं राहिला. त्याच उन्हाळ्यात नातेवाइकांनी माझ्यासाठी बालाघाटचं स्थळ आणलं, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "तिले कॉलेजात टाकून राहिलो." सगळ्यांना वाटतं मी जनावरांची डॉक्टर झाले असेन. नाही झाले, तेवढे मार्क नव्हते. मी जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, दुसऱ्या श्रेणीत, गजभिये घरातली पहिली, आणि पुढे एकतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.